आम्ही नानांना पणजी दाखवायला नेलं

जिनिंगमध्ये नोकरी केलेल्या माणसाच्या अंगावरचा कापूस घरी गेल्यावरही निघत नाही. किश्श्यांचंही तसंच. आपण जमवायला जात नाही, चिकटतात. धुळ्याच्या आमच्या जिनिंगचे तर इतके आहेत की विचारू नका! पण मला करमेनासं झालं की आठवतात ते पणजीचेच.

गोवा स्वतंत्र होऊन काही वर्षं झाली होती. आम्ही चौघं निघालो. तोंडाचा पट्टा कधी बंद न होणारे भाऊ फिटर, राजस्थानी जैन मुनीम केसरीमलजी, काट्यावरचे नाना, आणि मी कारकून.

खरं तर नानांसाठीच निघालो होतो. काट्यावर कापसाची गाडी चढली की नाना वजन पुकारायचे, ते पार फाटकाबाहेर ऐकू जायचं. नानी गेल्या आणि तो आवाज बंद पडला. नाना वजन खडूनं पाटीवर लिहून पुढे करायला लागले. मूलबाळ नाही. संध्याकाळी पांझरेचा पूल ओलांडून देवपूरच्या रिकाम्या घरात जायचं, कुलूप काढायचं. "हा माणूस असा मुक्यानं मरेल," भाऊ म्हणाले, "सीझन संपला की याला समुद्र दाखवू. समुद्र पाहून कोणीही बोलतो!"

मुंबईहून बोटीत बसलो. केसरीमलजी सूर्य मावळल्यावर अन्नाला शिवायचे नाहीत. धुळ्याच्या सवयीनं त्यांनी लवकरच डबा उघडून घाईघाईनं पुऱ्या संपवल्या. वर बघतात तो सूर्य अजून तिथंच! डोंगर नाही, घर नाही, सूर्य मावळणार कशाआड? त्यांनी ठेपले काढले. सूर्य होताच. मग शेव काढली. शेवटी पोटावर हात फिरवत म्हणाले, "समुंदरात राहणं आपल्याला परवडणार नाही. इथला दिवस फार खायला लावतो!"

आम्ही हसून लोळलो. नाना कठड्याला धरून उभे होते. त्यांच्या हातातली पुरी तशीच होती.

पणजीत उतरलो, लॉजवर सामान टाकलं, जेवलो आणि बाजार बघायला निघालो. भर दुपारी सगळी दुकानं बंद! रंगीत घरांच्या खिडक्या बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. भाऊंनी लगेच टोपी काढली. "कोणीतरी मोठा माणूस गेला," ते म्हणाले. मग आम्ही दुपारभर खालच्या आवाजात बोलत, हळूहळू पावलं टाकत फिरलो. चारच्या सुमाराला एका दुकानदारानं जांभई देत फळी उघडली. भाऊ दुखवट्याच्या सुरात म्हणाले, "फार वाईट झालं." तो म्हणाला, "काय झालं? मी झोपलो होतो!"

किस्सा म्हणून हा मी शंभरदा सांगितलाय. पण त्या दुपारी परक्या गावात, दारं लावलेल्या घरांसमोरून चालताना मला फार एकटं वाटलं होतं, हे कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे जिनिंगसारखा भोंगा झाला. आम्ही तिघं ताडकन उठलो. भाऊ तर पायजमा चढवत ओरडले, "पाळी लागली, चला!" खिडकीतून पाहिलं तर सायकलवर पाववाला भोंपू वाजवत चाललेला!

नाना मात्र आंघोळ करून, टोपी घालून खाटेच्या कडेला बसलेले. मी विचारलं, "नाना, केव्हा उठलात?"

"निजनू कव्हय?" नाना त्यांच्या अहिराणीत म्हणाले.

संध्याकाळी समुद्रावर गेलो. भाऊंनी हात पसरून, जणू स्वतःच बांधलाय अशा थाटात समुद्र दाखवला. नाना वाळूत बसले ते समुद्राकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून!

"नाना, समुद्र तिकडे आहे!"

"तो काय कोठे जास? मान्से जातस."

भाऊंनी पसरलेले हात खाली घेतले आणि तेही रस्त्याकडे तोंड करून बसले.

शेवटच्या दिवशी नाना नाहीसे झाले. लॉजवर नाहीत, बाजारात नाहीत. आमच्या मनात नको नको ते आलं. तिघंही धक्क्याच्या दिशेनंच पळत सुटलो. केसरीमलजी पळता पळता नवकार मंत्र म्हणत होते. धक्क्यावर कोणी नव्हतं. परत फिरलो आणि त्या रंगीत घरांच्या गल्लीत शिरलो, तर नानांचा आवाज आला! काट्यावरचा, तोच!

तिथल्या घरांना दाराबाहेर समोरासमोर दोन दगडी बाकं असतात. आपल्याकडे कोणाच्याही ओट्यावर बसायला परवानगी लागत नाही. वाटसरू टेकतो, आतून पाण्याचा तांब्या येतो. नाना तसेच कोणाच्या तरी बाकावर जाऊन टेकले होते. शेजारी पाण्याचा रिकामा पेला. समोरच्या बाकावर पायघोळ काळ्या झग्यातल्या एक म्हाताऱ्या बाई. इकडे नवरा गेला की असं काळं घालतात, हे लॉजवाल्यानं सांगितलं होतं.

आणि नाना हातवारे करत, डोळे पुसत, अहिराणीत नानींबद्दल सांगत होते. नानी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी कशी थापायच्या, भांडण झालं की कशा माहेरी शिंदखेड्याला निघायच्या, शेवटच्या दुखण्यात काय म्हणाल्या. आम्हाला एका अक्षरानं सांगितलं नव्हतं ते सगळं. बाई मान हलवत होत्या. त्यांना त्यातलं काही कळण्याची सुतराम शक्यता नव्हती.

नाना थांबले. भाऊंनी रस्त्यावरूनच हाक मारली, "नाना, चला! सामान बांधायचंय!"

तेवढ्यात बाई बोलू लागल्या. कोकणी की पोर्तुगीज, देव जाणे. नानांनी आमच्याकडे न बघता हात वर केला.

"थांबा रे. तिनी मन्हं बठ्ठं आयकी लिधं. आते तिनी पाळी शे!"