उठलेल्या माणसाला हाक

माझं इंग्रजी चार शब्दांचं आहे. अप, डाऊन, स्लो, स्टॉप. एवढ्यावर मी वरवे बुद्रुकपासून भोरपर्यंतच्या कारखान्यांत मोठमोठी यंत्रं उतरवून जागेवर बसवली. यंत्र क्रेनला लटकत असताना याहून जास्त लागत नाही. लागतं ते त्याआधी, खोलीत बसून भाव ठरवताना.

सुरुवात नसरापूरला ट्रक खाली करणारा हमाल म्हणून केली. मग एक चेन पुली घेतली, मग जुनी हायड्रा क्रेन, मग हाताखाली सहा माणसं आली. सौदा करायलाही बाजारात उभं राहूनच शिकलो. सौद्यात एक वेळ अशी येते की उठावं लागतं. पायात चपला सरकवायच्या, "जमत न्हाई मग" म्हणायचं आणि सावकाश दाराकडे निघायचं. मागून हाक येते, "आवो, बसा की. चहा तरी घ्या." त्या चहावर सौदा होतो. उठणाऱ्याला हे माहीत असतं, बसलेल्यालाही माहीत असतं. आयुष्यभर मी उठत आलो आणि आयुष्यभर मला हाक येत आली.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात वरव्याजवळच्या एका नव्या कारखान्यात जपानहून यंत्रं यायची होती. पावसाळ्यात आमच्या धंद्याला काम नसतं. हे काम मिळालं असतं तर त्या पैशावर माझी सहाही माणसं पावसाळाभर माझ्याकडे टिकली असती. नाही तर ती पुण्याकडे पांगणार, हे मला दिसत होतं.

बोलणी करायला त्यांचा जपानी साहेब बसला होता आणि मध्ये सांगायला कारखान्याचा स्टोअरकीपर, आमच्या भोरचाच. साहेबाचं इंग्रजी तुटक, स्टोअरकीपरचं त्याहून बेताचं.

मी भाव सांगितला. साहेबाने ऐकला, डोळे मिटले आणि गप्प बसला. गप्प बसणं आमच्या बाजारातही चालतं, पण तिथला माणूस निदान कान खाजवतो, बाहेर बघतो. हा देवळात बसल्यासारखा. मला वाटलं, गडी मुरलेला आहे. माझं डोकं तापायला वेळ लागत नाही.

"काय म्हणत्यात?" मी विचारलं.

"इचार करत्यात," स्टोअरकीपर म्हणाला.

"भावाचा का परमार्थाचा?"

तो हसला नाही. मी उठलो. "जमत न्हाई मग," म्हणालो. स्टोअरकीपरने ते इंग्रजीत घातलं. साहेबाने डोळे उघडले आणि तोही उठला.

मी सावकाश चाललो. मोटरसायकलची सीट पुसली. किल्ली या खिशात बघितली, त्या खिशात बघितली. वळून पाहिलं तर साहेब पायरीवर आलेला. मला बरं वाटलं. पण तो कमरेत वाकला, मग सरळ झाला आणि हात मांड्यांना लावून तिथंच उभा राहिला, माझ्याकडे बघत. डोक्यावर रणरणतं ऊन, टोपी नाही. हाक काही मारेना. असा माणूस समोर उभा असताना सीट तरी किती पुसायची? किक मारली. फाटकातून वळताना पाहिलं, तर तो पुन्हा वाकला होता.

समोरच्या टपरीवर फोन पुढ्यात ठेवून चहा घेतला. त्यावर आणखी एक घेतला. फोन आला तो संध्याकाळी, स्टोअरकीपरचा.

"अण्णा, पुण्याची क्रेन ठरली. साहेब म्हणले, तुमी न्हाई म्हणून गेला."

"म्या कुठं न्हाई म्हणलं? म्या उठलो."

"त्येच की."

"उठणं म्हंजी न्हाई व्हय? तुझ्या लग्नाच्या बैठकीत तुझा बाप तीनदा उठला हुता. राह्यलास का तू बिनलग्नाचा?"

"त्यांना हे कसं सांगू, अण्णा? मला इंग्रजीत येत न्हाई."

पाऊस लागायच्या आत माझी चार माणसं गेली. त्यातला एक चेन पुलीच्या दिवसांपासून माझ्याबरोबर होता. एसटीत चढताना म्हणाला, "अण्णा, तुमीच माघारी जाऊन बसला असता तर?" मी त्याला शिव्या दिल्या. तो आत खिडकीशी जाऊन बसला.

यंदा दिवाळी झाल्यावर त्याच कारखान्यातून बोलावणं आलं. एकच यंत्र एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये न्यायचं होतं. उरलेल्या दोघांत होण्यासारखं काम. खोली तीच, साहेबही तोच. मी भाव सांगितला, त्याने डोळे मिटले. टेबलाखाली माझे पाय आपोआप चपला शोधायला लागले. पण गुडघे दुखत होते, आणि उठून पुन्हा कोणाच्या हाकेची वाट बघायची याचाच कंटाळा आला होता. बसून राहिलो. बऱ्याच वेळाने साहेबाने डोळे उघडले आणि आकडा सांगितला. माझ्या भावाच्या थोडा खाली, पण रास्त.

"ओके?" त्याने विचारलं.

"ओके," मी म्हणालो.

झालं. ना घासाघीस, ना चहा. एवढं सोपं होतं तर मागच्या वर्षी माझी चार माणसं कशापायी गेली? कुठल्याही मुलखातला असला तरी उठलेल्या माणसाला एक हाक मारायला काय जातं, हे मला अजून कळलेलं नाही.

निघालो तसा साहेब पायरीवर आला, वाकला आणि उभा राहिला. दिवाळी झाली तरी दुपारचं ऊन कडक होतं. मी फाटकाबाहेर पडेपर्यंत तो आत जाणार नव्हता. सीट न पुसताच मी किक मारली.