रेघ मारली की झालं

स्कूटरचं इंजिन ऑइल बदलायला अर्धा तास लागतो. आमच्याकडे त्याला अख्खा रविवार लागतो आणि पुढचा आठवडा तो रविवार एकमेकांना सांगण्यात जातो. सांगताना प्रत्येक जण थोडी भर घालतो. मी बोलते कमी, त्यामुळे सगळ्यांचं सगळं माझ्याकडेच साठत गेलंय. लग्नाला अजून वर्ष व्हायचंय, आणि माहेरी इतक्या वर्षांत जमले नाहीत एवढे किस्से या एका पार्किंगमध्ये जमले.

मंडळी फार नाहीत. सासरे, म्हणजे अण्णा, एका इंजिनच्या कंपनीत असेंब्ली लाइनवर नोकरी संपवून रिटायर झालेले. नवरा निखिल, माण गावातल्या आयटी कंपनीत. शेजारचे जाधवभाऊ, बीडकडचे, चाकणला शिफ्टमध्ये. आणि तापकीर काका. रहाटणीतली आमची बिल्डिंग त्यांच्याच शेतावर उभी आहे, त्यामुळे पार्किंगमध्ये काहीही चाललेलं असलं तरी ते आपल्या बांधावरच चाललंय असं त्यांना वाटतं.

मी भोसरीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. स्कूटर माझी. नवी कोरी, माझ्या पगारातून घेतलेली.

०

आधी अण्णांचा स्वभाव सांगायला हवा. या घरात अण्णांशिवाय दुसऱ्या कुणी काही घट्ट केलं, तर ते घट्ट केलेलं धरत नाहीत. मी गॅस बंद केला की मागून येऊन ते बटण दाबून बघतात. मी नळ बंद केला की तोही. रागावत नाहीत, टोमणा मारत नाहीत, नुसतं बघून जातात. आई, म्हणजे सासूबाई म्हणाल्या, "मनावर घेऊ नको गं. माझे नळ इतकी वर्षं बघतायत."

मनावर घेतलं नाही, असं कसं म्हणू? एकदा तरी, एखादी गोष्ट माझ्या हातची आहे म्हणून अण्णांनी तशीच सोडावी, एवढीच माझी इच्छा होती. सासरी नव्या नवरीच्या इच्छा याहून मोठ्या असतात म्हणे.

तर माझ्या डब्याचं झाकणही तेच तपासायचे. पहिल्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये डबा उघडेना. मी ओढला, मैत्रिणीने ओढला, शेवटी मेंटेनन्सचा एक जण फिल्टर काढायचा पट्ट्याचा पाना घेऊन आला. झाकण निघालं तेव्हा त्याला घाम फुटला होता.

"डबा कुणी भरला?" त्याने विचारलं.

"सासूबाईंनी."

"आणि बंद कुणी केला?"

"सासऱ्यांनी."

"कुठल्या कंपनीत होते?"

जेवण झाल्यावर त्याने स्वतः झाकण लावलं आणि पिवळ्या मार्करने झाकणापासून डब्यापर्यंत एक उभी रेघ ओढली. आमच्या सगळ्या कंपन्यांमध्ये ही पद्धत आहे. बोल्ट घट्ट केला की त्याच्या डोक्यावरून खालच्या बॉडीपर्यंत रेघ मारायची. रेघ म्हणजे काम झालं, आता कुणी हात लावायचा नाही.

संध्याकाळी अण्णांनी डबा बघितला. रेघ बघितली. पहिल्यांदाच मला त्यांच्या मिशीत हसू दिसलं. मग म्हणाले, "रेघ मारायच्या आधी चेक केलं होतं का त्यानं?" आणि झाकण पिळून बघितलं.

०

एवढ्या घट्ट घरात एकच गोष्ट सैल होती. आमच्या खोलीची कडी.

दार लावलं की ती आपोआप खाली यायची. लग्नाच्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि नंतर कोण कुणाला सांगणार? अण्णा त्या दाराच्या आसपासही यायचे नाहीत. काही काम असलं तर हॉलमधूनच खाकरायचे. मी लग्नपत्रिकेचा कोपरा घडी करून कडीत खोचायला सुरुवात केली. पत्रिका बऱ्याच उरल्या होत्या.

"रविवारी करतो ना," निखिल म्हणायचा.

पण रविवार स्कूटरचा असायचा.

०

ऑइल घरीच बदलायचं का ठरलं, तर पहिल्या सर्व्हिसिंगला अण्णा माझ्याबरोबर आले होते. तिथे कस्टमरला आत सोडत नाहीत, काचेबाहेर बसवतात, कॉफी देतात. अण्णा काचेला नाक लावून उभे राहिले, पण नेमकी मध्ये दुसरी गाडी आली. परत येताना सिग्नलला म्हणाले, "बदललं असेल."

अण्णांच्या तोंडी 'असेल' हा शब्द म्हणजे शिवी.

घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं की पुढचं ऑइल खाली पार्किंगमध्ये, आपल्या हाताने. निखिल घाबरला. "अण्णा, नवीन गाडी आहे. वॉरंटी जाईल."

अण्णा शांतपणे म्हणाले, "कंपनी वॉरंटी कशाची देते रे? इतकी वर्षं आमच्याच हाताची देत होती ना?"

निखिल मोबाइलवर ऑइल बदलायचे व्हिडिओ शोधायला लागला.

०

पहिला रविवार. निखिलने मोबाइलवर व्हिडिओ लावून पाण्याच्या टाकीवर टेकवला. व्हिडिओतल्या माणसाचं गॅरेज आमच्या फ्लॅटपेक्षा मोठं आणि स्वच्छ. तो सांगेल तसं निखिल करत गेला. ड्रेन बोल्ट सुटला, ऑइलची धार लागली आणि नेमकी जाहिरात आली. बोल्ट निखिलच्या बोटांतून निसटून ऑइलमध्ये पडला. दोन्ही हात काळे, मोबाइलला बोट लावता येईना.

"आता काय करू?" तो ओरडला.

जाधवभाऊ नाइट शिफ्ट करून येत होते, खांद्याला बॅग तशीच. त्यांनी वाकून मोबाइलमध्ये बघितलं. "काही करू नका. आधी ती बाई साबण विकायलीय, तिचं होऊ द्या."

ऑइल धरायला निखिलने वरून पातेलं आणलं होतं. कुठलं, ते मी बघितलं नव्हतं. बघितलं तेव्हा माझी मावशी गेटमधून आत येत होती. न कळवता, सहज, भाचीचा संसार बघायला. आणि पातेलं तिनेच लग्नात दिलेलं, काठावर तिचं नाव कोरलेलं. नावाच्या खालपर्यंत काळं ऑइल.

मावशी पातेल्याकडे बघतेय, मी जमिनीकडे. तेवढ्यात आई जिन्यावरून खाली आल्या, सगळं एका नजरेत टिपलं आणि मावशीचा हात धरून म्हणाल्या, "बघा ना, तुमच्या पातेल्यावाचून आमचं पानच हलत नाही."

मावशी खूश झाली. खरंच. त्या दिवसापासून माझ्या मनात आईंची जागा फार वरची आहे.

०

नवं ऑइल भरल्यापासून अण्णा रोज सकाळी खाली जाऊन ऑइलची पट्टी काढून बघायचे. पुसायची, घालायची, काढायची, उजेडात धरायची. गाडी नवी, ऑइल नवं, कमी होण्याचं काही कारण नाही. तरी रोज.

तापकीर काका दूध घेऊन परतताना विचारायचे, "अण्णा, साखर किती हाय आज?"

"नॉर्मल," अण्णा म्हणायचे.

०

आता आट्यांचा किस्सा. हा आमच्या पार्किंगमध्ये कुणी स्वतःहून सांगत नाही.

दुसऱ्यांदा ऑइल बदललं तेव्हा निखिलने ड्रेन बोल्ट लावून घट्ट केला. व्यवस्थित केला. मग अण्णांनी तपासला, म्हणजे आणखी थोडा फिरवला. अण्णा हात धुवायला गेले. तापकीर काका आले. "बघू दी की, घट हाय का न्हाई," म्हणत त्यांनीही जरासा फिरवला. ते बाजूला झाले, जाधवभाऊ आले. त्यांना ऑइलचा एक थेंब खाली दिसला. तो मघाचाच होता, पण चाकणचा माणूस सैल वाटलेल्या बोल्टला हात न लावता पुढे कसा जाईल? "जरा कमी वाटायलाय," म्हणत त्यांनीही हात मारला.

मी हे सगळं पायरीवर बसून बघत होते. बोलायला हवं होतं, पण तिघेही मोठे, मी नवीन.

शेवटी अण्णा हात धुऊन आले. पाना उचलला. "फायनल," म्हणाले.

कट्.

बोल्ट गोल फिरायला लागला, बाटलीच्या सैल बुचासारखा. आटे गेले. तिघांनी तीन दिशांना बघितलं. तापकीर काकांना दुधाची आठवण झाली, जाधवभाऊंना झोप आली. अण्णा मात्र तिथेच उकिडवे बसून राहिले. माझ्याकडे बघेनात. आईंनी चहा पाठवला तो तसाच गार झाला.

दुपारी टेम्पोत घालून स्कूटर भोसरीच्या एका वर्कशॉपला नेली. आश्चर्य म्हणजे तिघेही आले, कुणी बोलावलं नसताना. निखिल आणि मी धरून पाच. वर्कशॉपवाल्याने भोक बघितलं, मग रांगेत उभ्या असलेल्या आमच्याकडे बघितलं. बोल्ट कुणी घट्ट केला, असं त्याने विचारलंच नाही.

"किती जणांनी घट्ट केला?" म्हणाला.

०

नवे आटे पाडून गाडी मिळेपर्यंत काही दिवस गेले. तेवढे दिवस अण्णांनी मला रोज त्यांच्या जुन्या बाइकवर भोसरीला सोडलं, संध्याकाळी न्यायला आले. मी बसनेही गेले असते. तसं मी म्हटलंही, तर त्यांनी नुसती किक मारली.

अख्ख्या रस्त्यात आमचं एकच वाक्य व्हायचं. "धरून बस." मी "हो" म्हणायचे.

गेटवरचा वॉचमन एकदा म्हणाला, "मॅडम, वडील फार काळजी घेतात तुमची." मी त्याची चूक दुरुस्त केली नाही.

०

त्यानंतरच्या वेळी कुणीच पाना उचलेना. निखिल अण्णांकडे बघतोय, अण्णा पान्याकडे. मी म्हटलं, "मी करू?"

माझा आवाज पार्किंगमध्ये फारसा कुणी ऐकलेला नव्हता. तापकीर काका जाता जाता थांबले.

ऑइल काढलं. या वेळी जुन्या रंगाच्या डब्यात. नवं वॉशर घातलं, बोल्ट आधी हाताने बसवला, मग पान्याने. बसला असं वाटलं तिथून जरासाच पुढे, आणि थांबले. मग ओढणीच्या गाठीतून लग्नातली मरून नेलपॉलिशची बाटली काढली आणि बोल्टच्या डोक्यावरून खालच्या बॉडीपर्यंत एक रेघ ओढली.

तापकीर काकांचा हात पुढे आलाच होता. तो हवेत थांबला.

"रेघ मारली व्हय?"

"हो काका."

"मंग झालं." हात मागे घेऊन ते दुधाच्या पिशवीसकट निघून गेले. जाधवभाऊंनीही लांबूनच विचारलं, "रेघ झाली का वहिनी?" आणि वर झोपायला गेले.

राहिले अण्णा. त्यांनी चष्मा लावला, वाकून रेघ बघितली. त्यांचा हात पान्याकडे गेला. पाना उचलला, फडक्याने पुसला, स्वच्छच होता तरी पुन्हा पुसला, आणि पेटीत ठेवला. नेलपॉलिशची बाटलीही त्याच पेटीत ठेवली, पान्याशेजारी.

सकाळी साखर तपासायला ते रोज जायचेच. पण ते वर आले की मी काहीतरी निमित्त काढून खाली जायचे आणि गाडीखाली वाकून बघायचे. रेघ जिथल्या तिथे, सरळ, जुळलेली. अण्णांनी तपासलं नाही ना, हे मी रोज तपासत होते. या घराचा गुण लागला म्हणायचा.

०

दिवाळीनंतर मी चार दिवस माहेरी जाऊन आले. आल्यावर चहा झाला, आईंशी बोलणं झालं, अण्णा पेपरमागे होते. "पोचलीस?" एवढंच म्हणाले. पेपर धरलेल्या त्यांच्या अंगठ्याच्या नखाला कसलासा डाग होता.

खोलीत जाऊन दार लावलं आणि सवयीने पत्रिकेची घडी शोधायला लागले. घडी नव्हती. कडी सरकवली. ती बसली. सोडून बघितली, खाली आली नाही.

जवळ जाऊन बघितलं तर स्क्रू नवे होते. आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून पट्टीपर्यंत एकेक बारीक मरून रेघ.

संध्याकाळी निखिल माणहून आला. दार लावलं, कडी हलवून बघितली आणि चकित झाला. "अरे वा, बसली की! कुणी केलं?" मग खिशातलं नाणं काढून एका स्क्रूच्या खाचेत घातलं. "थांब, जरा अजून टाइट करतो."

मी त्याचा हात धरला.

"रेघ दिसत नाही का?"