मासोळीवरचं दही

तुम्हाले वाटून राहिलं असंल, हा उमरेडचा पोट्टा आता हेल्दी बाउलची रेसिपी सांगंल अन् शेवटी कोथिंबीर भुरभुरून फोटो काढंल. रेसिपी सांगतोच. आहेच किती ती! वाफवलेली मासोळी, मऊ भात, खिसलेली काकडी, वरून घोटलेलं दही. मोबाइलमधल्या बाईनं चार मिनिटांत उरकलं. मले दोन तास लागले. काट्यांपायी.

तीन महिन्यांआधी बाबाले लकवा मारला. उजवा हात गेला. बोलणंही गेलं, असं मी धरून चाललो होतो. मग आई त्याईले घेऊन नागपूरले माह्या खोलीवर आली. चार दिवसांपासून बाबा जेवाले तोंडच उघडत नव्हते. आईनं वरणभात नेला की भिंतीकडे पाहत. डॉक्टर म्हणे, मऊ मासोळी देऊन पाहा, नाहीतर नाकातून नळी टाकावी लागंल.

म्हणून बुधवारी सदर बाजारातल्या माह्या कामाच्या दुकानातून सुटलो अन् कतला मासोळी घेतली. आई माळकरी, मासोळीले शिवत नाही. आमच्या घरी मासोळी बाबाच बनवत, मागच्या अंगणात, वेगळ्या कढईत. काटा न् काटा काढून माह्या भातावर ठेवत. मी जेवता जेवता शाळेतल्या सगळ्या सरांचे आवाज काढायचो, मग बाबाचा. "काय बे नकल्या, आधी घास गिळ!" हे त्याईचं वाक्य त्याईच्याच आवाजात. बाबा ठसका लागेपर्यंत हसत. ती कढई आईनंच एसटीतून बांधून आणली होती. मी गॅलरीत तिच्यातच मासोळी वाफवली.

"बाबा, पाहा तर, फाइव्ह स्टारचं हाये!"

बाबानं वाटीत पाहिलं. मासोळीवर दही! अंगावर पांढरे डाग येते म्हणून आमच्या घरी मासोळीच्या दिवशी दह्याचं भांडंसुद्धा झाकून ठेवत. मी मोबाइलच्या नादात विसरलो. बाबाच्या भुवया चढल्या, डावा हात उठला, अन् आवाज निघाला.

"आऽब… आब्ब… दऽऽ!"

शब्द एकही नाही, पण चाल तीच. काय बे गाढवा, मासोळीवर दही टाकते का कोणी! तीन महिन्यांतलं पहिलं बोलणं. आई दारातून धावत आली.

अन् मी काय केलं? लहानपणापासूनची सवय. तोच आवाज, तसेच वाकडे ओठ, तसाच्या तसा परत केला.

"आऽब… आब्ब… दऽऽ!"

इतकी हुबेहूब नक्कल मले आयुष्यात जमली नव्हती.

बाबाचं तोंड मिटलं. ते भिंतीकडे वळले. मी चमच्यानं दही खरवडलं. "बाबा, काढलं पाहा. सगळं काढलं." चमचा ओठाले लावला. एक शीत ओठाले चिकटून राहिलं, आत काही गेलं नाही.

मासोळीले कधी न शिवलेल्या आईनं माह्या हातातली वाटी ओढून घेतली.

"नक्कल कराले हेच भेटले का रे तुले? त्याईचा सख्खा भाऊ येऊन गेला, त्याच्यासमोर चूप राहिले ते. काहून, माहीत हाये? आवाज वाकडा निघते, त्याची लाज वाटते त्याईले. तू दुकानात गेला की माह्यापाशी एकेक शब्द घोकते. आज पहिल्यांदा दुसऱ्या कोणासमोर तोंड उघडलं, अन् ते तुह्यासमोर, आपला पोरगा हसणार नाही म्हणून. ऊठ! ऊठ इथून!"