बोटभर सैल दोर

बासिलिया कोकोम कुणाची खुशाली विचारत नाही, ती आधी झोळी बघते, असं आमच्या चान साहकाब गावात म्हणत. यात कौतुक कमी आणि टोमणा जास्त असे. कुणाच्याही घरात शिरली की तिची नजर माणसांच्या चेहऱ्यांवरून सरळ झोपायच्या झोळ्या टांगलेल्या खांबांकडे आणि तिथल्या गाठींकडे जाई. ‘सासूची झोळी किती ताणलीस गं? म्हातारीचे खांदे आवळले जातात,’ असं चार पाहुण्यांदेखत बोलायला ती कचरत नसे. ‘तिला बोलवायचं तर दुपारी बोलवा,’ बायका एकमेकींना सांगत. ‘तेव्हा झोळ्या गुंडाळून वर टाकलेल्या असतात.’

ती माझ्या आईची मावसबहीण. बुटकी, रुंद मनगटांची आणि गोड बोलण्याचा कंटाळा असलेली. पावसाळ्यात आमच्याकडचे पुरुष रानात तळ ठोकतात, कमरेभोवती आणि खोडाभोवती एकच दोर घेऊन चिकूच्या उंच झाडांवर चढतात, कोयत्यानं सालीवर नागमोडी चरे पाडतात आणि ओघळलेला चीक कढवून च्युइंग गमसाठी त्याचे ठोकळे करतात. मावशीचा नवरा अशाच एका झाडावर, डोळ्यांवर झापड असताना, स्वतःच्याच दोरावर कोयता मारून बसला आणि खाली पडून गेला. पुढच्या हंगामात ती त्याच तळावर स्वयंपाकीण म्हणून गेली आणि नंतर दर हंगामात जातच राहिली. का, हे तिनं कुणाला सांगितलं नाही आणि विचारण्याची कुणाची छाती झाली नाही.

एलिहियो कानुलची गोष्ट त्या तळावरची. मी तेव्हा मेरिदा शहरात शिकत होतो. पुढं ती मला एलिहियोनं सांगितली आणि त्याच तळावरच्या म्हाताऱ्या अन्सेल्मोनंही. कोण किती हसलं, एवढ्याबाबतच दोघांचं जुळत नाही.

एलिहियो त्या तळावरचा सगळ्यांत चांगला चढणारा. एका पहाटे त्यानं झोळीतून पाय खाली सोडला, तर चपलेशेजारी पिवळ्या हनुवटीचा साप वेटोळं घालून बसलेला. त्या सापाचा चावा ज्यानं पाहिला आहे तो त्याविषयी बोलत नाही. साप मारला गेला, एलिहियोला काही झालं नाही. पण त्याच संध्याकाळी त्यानं आपली झोळी छातीइतक्या उंचीवर नेली आणि दोन्ही दोर तारेसारखे ताणले. आमच्याकडे माणूस झोळीत जन्मतो आणि झोळीतच जातो. दोर सैल सोडावा, अंग तिरकं टाकावं, म्हणजे पाठ सपाट पडते, हे शिकवावं लागत नाही. पण भीतीनं एलिहियो जन्माचं विसरला. ताणलेल्या झोळीत तिरकं पडता येत नाही. तो शेंगेतल्या दाण्यासारखा आवळून पडू लागला.

‘एलिहियो, अंडी घातलीस की सांग रे,’ अन्सेल्मो म्हणाला. ‘आम्ही शिडी घेऊन येऊ.’

‘हसा. तुमच्या चपलेपाशी बसला असता, म्हणजे कळलं असतं.’

झोप गेली. डोळे खोल गेले, हात कापू लागले. झाडावर चढायचे दोर वाळवायला सगळे चुलीवरच्या आडव्या बांबूवर टाकत. एका संध्याकाळी मावशीच्या बोटांना एलिहियोच्या दोराचे दोन पदर तुटलेले लागले. घासून झिजलेले नव्हते, कापलेले होते. तिनं तो दोर उचलला आणि रुफिनो मुकादमाच्या मांडीवर ठेवला.

रुफिनोनं तो बोटांत फिरवला. ‘उद्यापासून हा झाडावर नाही,’ तो म्हणाला. ‘ठोकळे न्यायला खेचरं येतील, त्यांच्याबरोबर हा घरी.’

‘खेचरं येईपर्यंत चिकाच्या कढईवर ठेव त्याला,’ मावशी म्हणाली.

‘आणि तोवर काय चमत्कार होणार आहे?’

ती मक्याच्या पोळ्या थापायला निघून गेली.

अर्ध्या हंगामात रानातून परत पाठवलेल्या माणसाला पुढं कुठलाच मुकादम तळावर घेत नाही. एलिहियोला हे ठाऊक होतं, आणि म्हणून त्याला उरलीसुरली झोपही येईना.

मावशीनं आधी त्याला सरळ सांगून पाहिलं. ‘झोळी खाली घे.’

‘मावशी, तुम्ही चूल बघा.’

तिनं चूल बघितली. चुलीतली राख तिनं घमेल्यात भरली आणि त्याच्या झोळीखालची जमीन झाडून तिथं पातळ पसरली. ‘काही आलं तर उमटेल,’ ती म्हणाली. रोज सकाळी एलिहियो वरूनच वाकून राख न्याहाळी. कधी रुफिनोच्या कुत्र्याचे पाय उमटलेले असत. एरवी राख कोरी असे. आणि रोज दुपारी, पुरुष रानात आणि एलिहियो ओढ्याकाठी कढईपाशी असताना, मावशी त्याच्या दोन्ही खांबांवरच्या गाठी सोडून एकेक बोट सैल करून, जरा खाली सरकवून पुन्हा बांधी. पायाकडची बाजू ती अंमळ उंच ठेवी, म्हणजे झोपेत माणूस त्या बाजूला घसरत नाही.

काही दिवसांनी एलिहियो ताट घेऊन उभाच राहिला. ‘माझी झोळी खाली आलीय.’

रानातून लवकर परतताना सगळ्यांनी मावशीला गाठी सोडताना कधी ना कधी पाहिलेलं होतं. आता पावसाचं निमित्त तरी कसं सांगायचं? भिजला की दोर आखडतो, सैलावत नाही, हे तिथल्या कुत्र्यालाही माहीत होतं.

‘जड झालास,’ मावशी म्हणाली. ‘दिवसभर कढईपाशी बसून माझ्या पोळ्या हाणतोस.’

‘मी? मी तर वाळलोय!’

‘गाल बघ की लेकाचे,’ अन्सेल्मो घेवड्याच्या कालवणात पोळी बुडवत म्हणाला. ‘तुझ्या बायकोला वाटेल, रानात लग्नाच्या पंगती उठत होत्या.’

मग ज्याला त्याला एलिहियोच्या पोटाविषयी काहीतरी सुचू लागलं. रुफिनो मुकादमसुद्धा, ज्याला हसताना कुणी पाहिलं नव्हतं, म्हणाला, ‘खेचरवाल्याला सांगायला हवं, दणकट जनावर आण.’ एलिहियो चिडला, शिव्या देत झोळीकडे गेला, पण त्यानं गाठी तपासल्या नाहीत. आपण जड झालो, हे बहुधा त्याला बरंच वाटलं असावं.

खेचरं आली त्या दिवशी एलिहियोनं आपलं बोचकं बांधून ठेवलं होतं. जेवण झालं आणि तो वाट बघत झोळीत टेकला. त्याचे तळवे आता जमिनीला लागत होते. त्यानं ते वर घेतले, अंग आपोआप तिरकं वळलं, पाठ सपाट पडली, तोंड उघडलं. गळ्यातल्या घंटा वाजवत खेचरं तळावर शिरली, कुत्रा भुंकला, चिकाचे ठोकळे धडाधड लादले गेले; एलिहियो घोरत होता.

‘याला उठवू का?’ खेचरवाल्यानं विचारलं.

‘हात लाव,’ मावशी म्हणाली, ‘आणि मग जेवायला तुझ्या घरी जा.’

रुफिनो बराच वेळ झोळीपाशी उभा राहिला. राखेत त्याचे जोडे उमटले. मग त्यानं खेचरवाल्याला हातानंच निघायची खूण केली. दुसऱ्या दिवशीही एलिहियोला त्यानं जमिनीवरच ठेवलं. त्याचे हात स्थिर झालेले पाहिले, तेव्हा आपल्या सामानातला नवा दोर काढून दिला.

हंगाम संपला आणि एलिहियो झोळी सोडू लागला, तेव्हा त्याला खांब दिसले. खांब ओल्या लाकडाचे, हिरव्या सालीचे. दोरानं सालीवर चरे उमटवले होते, एकाखाली एक, छातीच्या उंचीपासून खाली उतरत आलेले, चिकूवर त्यानं स्वतः पाडलेल्या चऱ्यांसारखे. अन्सेल्मो म्हणतो, तो तिथंच मटकन बसला. एलिहियो म्हणतो, नुसता हसला.

गावात ही हकीकत त्यानंच पसरवली. बायकांचे टोमणे बदलले. बासिलिया देवमाणूस आहे, नवरा गेला तेव्हापासून रानातल्या प्रत्येक पुरुषाची झोप ती राखते, असं म्हणू लागल्या. एलिहियोच्या धाकट्या मुलीच्या बाप्तिस्म्याच्या जेवणाला मी मेरिदाहून गेलो होतो. भरल्या पंगतीत एलिहियो उठला आणि म्हणाला, ‘मावशी, तुम्ही मला जीवदान दिलंत. हे ऋण मी कसं फेडू?’

मावशी त्याच्या बायकोची झोळी बघत होती. मान न वळवता ती म्हणाली, ‘जीवदान कसलं आलंय? रात्रभर कण्हत होतास मेल्या, आणि पहाटे उठून पोळ्या मला थापायच्या होत्या.’