टाचेशी अडलेला मोजा

आमच्या सासूबाईंना बसता येत नाही. गुडघेबिडघे ठणठणीत आहेत, बसणं हा प्रकारच त्यांना मान्य नाही. पायाला भिंगरी आणि हातात सुया. भाजी शिजताना विणणार, फोनवर बहिणीशी भांडताना विणणार, माझ्याशी भांडताना तर दुप्पट वेगाने विणणार. विणतात ते लोकरीचे पायमोजे. थंडीच्या तोंडावर वाचनालयामागच्या हॉलमध्ये हस्तकलेचा मेळा भरतो, तिथे दारातून आत शिरलं की दुसरं टेबल त्यांचं. मी लग्न होऊन आले त्याच्याही आधीपासून. टेबलावर एक रंगवलेली पाटी, ‘हातचे मोजे’. पाटीवर नाव का नाही म्हणून कुणी विचारलं तर म्हणतात, “माझं नाव टाचेत आहे.”

आणि ते खरंच आहे. मोजा विणणं म्हणजे बाकी सगळं सरळ, घोटाळा टाचेपाशी. तिथे टाके कमी करत वळायचं असतं आणि सैलही सोडायचं असतं. सासूबाईंचा मोजा पायात नुसता सरकतो आणि टाचेवर जाऊन बसतो. त्या स्वतः बसत नाहीत, मोजे बसवतात.

सासरे अगदी उलट. बाबा बस डेपोत मेकॅनिक होते. जन्मभर चाकांचे नट आवळले. निवृत्त झाले, पण आवळणं काही सुटलं नाही. बाबांनी बंद केलेली बरणी कुणाच्या बापाला उघडत नाही. नळ असा पिळतात की सकाळी तोंड धुवायला आधी व्यायाम करावा लागतो. आमचे हे सांगतात, लहानपणी बाबांनी बुटाची नाडी बांधली की शाळेतून घरी येऊन बुटासकट झोपायची पाळी यायची.

तर या वर्षी उन्हाळा सरता सरता घरात काहीतरी बिनसलं. मला ते कळलं जेवणातून. संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे असतो. कामावरून यायचं, भोपळ्याचं नाहीतर टोमॅटोचं सूप टाकायचं, पाव गरम करायचा, की झालं. एके दिवशी सासूबाई म्हणाल्या, “मला पातळ नको. बाधतं.”

बरं. दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, “तिला बाधतं तर मलाही नको.” हे कोण म्हणतंय? तर जो माणूस सूपची वाटी तोंडाला लावून शेवटच्या थेंबापर्यंत सुर्रकन ओढतो तो! मग काय, उकडलेले बटाटे, कोरडी भाजी, अंडी, भाजलेला पाव. घरात पातळ म्हणून काही उरलं नाही. आमच्या यांना प्रत्येक घासाला पाणी लागायचं. वर सासूबाई आपलं ताट उचलून ओट्याशी जायच्या आणि आमच्याकडे पाठ करून उभ्याने जेवायच्या. जेवताना सुद्धा एका पायावरून दुसऱ्या पायावर.

माझं डोकं फिरलं. मी यांना म्हटलं, “मी काय विष कालवते का त्यात?”

“जाऊ दे ना,” हे म्हणाले. यांच्याकडे प्रत्येक प्रश्नाला हेच एक उत्तर आहे.

त्यात आणखी एक. जेवणं झाली की दोघं खोलीत जायची, दार लावायची आणि रेडिओ मोठ्याने सुरू. रेडिओच्या आडून सासूबाईंचा आवाज. “उलटं का घेतलंत? सुलटं म्हटलं होतं ना मी!” मग जरा वेळाने, “सोडा! सोडा म्हणते ना! किती धरून ठेवाल?” मी दाराशी घुटमळायची. या वयात काय एवढं धरून ठेवलंय बाबांनी, कुठलं जुनं उकरून काढतायत, मला काही सुधरेना. जीव नुसता टांगणीला. काम सुचेना, झोप लागेना, आणि विचारायची सोय नाही, कारण विचारलं की “तू तुझं बघ” हे ठरलेलं.

मेळा आठवड्यावर आला तेव्हा एका सुटीच्या दुपारी टोपलीवाली घरी आली. ही वेताच्या टोपल्या विणते. मेळ्यात तिचं टेबल सासूबाईंच्या शेजारी, आणि बातमी पोचवण्यात हिचा हात धरणारं कुणी नाही. आम्ही जेवायला बसलो होतो. तिने खुर्ची ओढली, पाव-अंडं पुढ्यात घेतलं आणि तोंडात घास असतानाच म्हणाली, “कळलं का? यंदा प्रत्येकाने टेबलाशी बसून काम करून दाखवायचंय. मागच्या वर्षी त्या टोपीवाल्याने कारखान्यातल्या टोप्या हातच्या म्हणून खपवल्या ना, त्याचा प्रसाद आपल्याला. व्यवस्थापक बाई स्वतः फिरणार. ज्याला जमणार नाही त्याचं टेबल गेलं.”

सासूबाई ओट्याशीच, आमच्याकडे पाठ. मी चहा केला होता. खरं सांगते, रागातच होते. पाहुणी आली तरी या बाई आमच्यात बसायला तयार नाहीत म्हणजे काय! मी कप काठोकाठ भरला आणि सरळ त्यांच्या हातात दिला.

कप बशीवर वाजायला लागला. टक टक टक, दात वाजावेत तसा. चहा बशीत, बशीतून मनगटावर, मनगटावरून फरशीवर. सासूबाईंनी दुसऱ्या हाताने धरायचा प्रयत्न केला, तो हातही तसाच. त्यांनी चटकन पाठ फिरवली. टोपलीवाली अंडं सोलण्यात गुंग होती, तिला पत्ता नाही. मला मात्र सगळं दिसलं. सूप का नको, पाठ का फिरवायची, ताट उचलून लांब का जायचं.

टोपलीवाली गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, “बघितलंस ना? जा आता, दवंडी पिट.”

“आई, किती दिवस झाले हे?”

“दिवस मोजत नव्हते मी. डॉक्टरला दाखवलंय. औषध चालू आहे. जाणार नाही म्हणाले, फार वाढू नये एवढंच.”

“मग हे पेटीभर मोजे?”

“मीच केले. हात बरा असतो तेव्हा.”

बाबा मान खाली घालून अंड्याचं टरफल काढत होते. त्या अंड्यावर टरफल उरलंच नव्हतं.

मी पेटीतून एक मोजा काढला आणि पायात घातला. बोटं गेली, चवडा गेला, टाचेशी येऊन अडला. ओढला, चढेना. उठून उभी राहिले, एका पायावर नाचले, तरी चढेना. आणि नाचता नाचता माझी नजर टेबलावरच्या मुरंब्याच्या बरणीवर गेली. सकाळपासून ती तिघांकडून उघडली नव्हती. बरणीवरून नजर गेली बाबांवर.

“बाबा!” मी म्हटलं. “तुम्ही?”

आमचे हे खाता खाता थांबले. बाबांचे कान लाल झाले. “हसलीस तर याद राख,” ते म्हणाले. “आणि ही गोष्ट या घराबाहेर जाता कामा नये. मेळ्याला डेपोतली सगळी टोळी येते. बायकोचे मोजे विणतो म्हणून म्हातारपणी माझी वरात काढतील.”

मी हसले नाही. म्हणजे हसले, पण डोळ्यांत पाणीही आलं. रेडिओच्या आडचं ते उलटं-सुलटं, ते “सोडा, सोडा” सगळं टाक्यांचं होतं! आणि मी काय काय समजले होते!

सासूबाईंना मात्र हसू येत नव्हतं. त्या खिडकीपासून ओट्यापर्यंत आणि ओट्यापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत होत्या. “लोकांना कळलं की टेबल गेलं. मग मी काय करू? दिवसभर काय करू मी? बसू?” तो ‘बसू’ त्यांनी ‘मरू’ म्हणावं तसा उच्चारला. एवढ्या घाबरलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी त्यांनीच तोड काढली. उजव्या हाताला पट्टी बांधायची, पायरीवरून पडले म्हणून सांगायचं, डावा हात शालीखाली. “झाकली मूठ सव्वा लाखाची,” त्या म्हणाल्या. मेळ्याच्या सकाळी पट्टी बांधली बाबांनी.

हॉलमध्ये पोचलो तरी सासूबाईंना चैन नाही. मला सांगून सांगून टेबल लावून घेतलं. लाल पुढे, करडे मागे. नाही, करडे पुढे. स्वतःचे जुने, हात चांगला होता तेव्हाचे मोजे वर, बाबांचे खाली. पाटी डावीकडे, पाटी उजवीकडे. बाबा दाराशी सूपवालीच्या पातेल्यापाशी डेपोतल्या टोळीबरोबर उभे होते, आमच्याकडे पाहायचंच नाही असं ठरवून. व्यवस्थापक बाई आल्या, पट्टी पाहून हळहळल्या आणि पुढे गेल्या. मला वाटलं, सुटलो.

मग आली बेकरीवाली. सासूबाईंचं जुनं गिऱ्हाईक, दरवर्षी घरातल्या प्रत्येकासाठी मोजे नेणारी. “मला नातीसाठी हवाय,” असं म्हणत तिने ढिगात हात घातला आणि नेमका तळातला लहान जोड काढला. नात शेजारीच होती. बेकरीवाली खाली बसून तिच्या पायात मोजा घालायला लागली.

“चढत नाहीये गं,” बेकरीवाली म्हणाली. मग आणखी ओढून पाहिलं. मग उठली, मोजा उजेडात धरला. “हे तुझं काम नाही. तुझी टाच मी डोळे मिटून ओळखेन. बाहेरून आणलेस की काय?”

ती काही वाईट बाई नाही. पण बेकरीत दिवसभर ओरडून आवाज असा झालाय की कुजबुजली तरी गल्लीभर ऐकू जातं. व्यवस्थापक बाई वळल्या. आजूबाजूची माणसं वळली. “मागच्या वर्षीही असंच झालं होतं,” बाई म्हणाल्या. “हे तुम्ही केलेले नसतील तर सरळ सांगा. ही लबाडी चालणार नाही.”

लबाडी! मी तोंड उघडलं, तर सासूबाईंनी टेबलाखालून माझा पाय असा दाबला की कळ डोक्यात गेली. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. एकीकडे चोर ठरायचं, दुसरीकडे हात दाखवायचा, आणि नवऱ्याला दिलेला शब्द वेगळाच. त्या उभ्या होत्या आणि पहिल्यांदाच जागच्या हलत नव्हत्या.

“घट्ट आहे तो माझ्यामुळे.”

बाबा. हातात सूपची वाटी, मागे अख्खी डेपोची टोळी. “मी विणलाय. मला सैल येत नाही.”

“कुणी सांगितलं होतं तुम्हाला मधे पडायला?” सासूबाई कडाडल्या. “चांगले उभे होतात ना तिकडे!”

“तुला लबाड म्हणतायत आणि मी सूप पीत उभा राहू?”

टोळीतला एकजण खो खो हसला. बाबांनी वाटी माझ्या हातात दिली, खुर्ची ओढली आणि सुया घेतल्या. सगळा हॉल बघतोय. बाबांनी लोकर बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. हात थबकले. मान वर करून म्हणाले, “अगं, सांग ना. तू सांगितल्याशिवाय मला कुठे येतंय?”

सासूबाईंनी पट्टीची गाठ सोडायला घेतली. सुटेना. मी घेतली, मलाही सुटेना. बाबांनीच बांधलेली ना! शेवटी टोपलीवालीने वेत कापायची कात्री आणली आणि पट्टी कापली. आणि तो हात सगळ्यांसमोर बाहेर आला, थरथर कापत. बेकरीवालीने नातीला जवळ ओढलं आणि खाली बघत राहिली. टोळीतला तो हसणारा आता हसत नव्हता.

“हं,” सासूबाई म्हणाल्या. आवाजही जरा कापत होता. “घाला टाके. सुलट. सुलट. आता उलट. अहो, धागा ओढू नका! बस नाही ती, बाळाचा पाय आहे! सोडा. आणखी सोडा.” थरथरतं बोट टाक्यावर टेकवत त्या सांगत होत्या आणि बाबांच्या कपाळावर घाम जमला होता. हळूहळू पहिली ओळ झाली, मग दुसरी. व्यवस्थापक बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, “पाटी बदलायला लागेल का हो?”

उत्तर सासूबाईंनीच दिलं. “कशाला? ‘हातचे मोजे’ लिहिलंय. कुणाच्या हातचे ते कुठे लिहिलंय?”

बेकरीवालीने तो घट्ट जोडच घेतला. नको म्हटलं तरी घेतला. “नातीचा पाय नाही तर बाहुलीचा सही,” म्हणाली. बाबांना ते लागलं असावं, कारण पुढचा टाका त्यांनी खरंच सैल सोडला.

दुपार कलली. माझ्या हातात बाबांची सूपची वाटी तशीच होती, निवून गेलेली. सासूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, टोपलीवालीचं रिकामं स्टूल ओढलं आणि बसल्या. हो, बसल्या. हॉलच्या मधोमध, सगळ्यांकडे तोंड करून.

“मला सूप आण,” त्या म्हणाल्या. “गरम. भरून आण.”

मी आणलं. त्यांनी वाटी दोन्ही हातांनी धरली. वाटी वाजली, हिंदकळली, निम्मं सूप शालीवर आणि करड्या मोज्यांवर गेलं. मी फडकं घ्यायला धावले. बाबा अर्धवट उठले.

“तुम्ही विणा,” त्या बाबांना म्हणाल्या. उरलेलं सुर्रकन ओढलं आणि रिकामी वाटी माझ्यापुढे धरली. “बघतेस काय? अजून आण.”