तिसरा गिअर पडत नाही

गॅरेजमध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात. कुठल्या गाडीतून निघाले ते न आठवणारे बोल्ट, आणि किस्से. बोल्ट भंगारवाला नेतो. किस्से ऐकायला माझा पार्टनर म्हात्रे होता, पण गुडघ्यांपायी तो दोन वर्षांपासून कोपरच्या घरीच बसलाय. विठ्ठलवाडीच्या आमच्या गॅरेजात आता मी एकटा. तेव्हा तुम्हीच ऐका. सगळे किस्से एकाच गाडीचे आहेत.

*

गाडी ठाण्याच्या प्रधान साहेबांची. जुनी स्पोर्ट्स कार, लाल, दोनच सीट, आणि इतकी बुटकी की म्हात्रे पहिल्याच दिवशी म्हणाला, "हिच्याखाली जायचं तर आधी खड्डा खणायला लागेल!"

तक्रार काय, तर पहिला गिअर टाकला की कधीकधी गाडी मागे जाते. "असं कसं होईल साहेब?" म्हणत मी ऐटीत बसलो, पहिला टाकला, क्लच सोडला आणि उलटा शेजारच्या गिरणीत शिरलो. दळणाचे दोन डबे आडवे! गिरणीवाल्या काकू पिठाने पांढऱ्याफटक.

"गायकवाड," त्या म्हणाल्या, "नंबर लावून यायचं!"

*

दोष लिंकेजचा होता. हातातला दांडा आणि खालचा गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या सळ्या म्हणजे लिंकेज. सांध्यांमध्ये रबरी बुश असतात. बुश झिजला की हात सांगतो एक आणि गिअरबॉक्स ऐकतो भलतंच. या गाडीचा बुश कल्याणात मिळेना, मुंबईत मिळेना. शेवटी म्हात्रेने स्वतःच्या स्लिपरचा तळ कापला, घासून बसवला आणि अनवाणी घरी गेला.

आठवड्याने साहेबांचा फोन. "अहो, गिअर लोण्यासारखा पडतोय! कुठल्या साइझचा बुश मिळाला शेवटी?"

"नऊ नंबर!" म्हात्रे म्हणाला.

*

त्यानंतर साहेब नेमाने यायला लागले. सोबत मॅडम, डाव्या सीटवर, मांडीवर थालीपिठांचा डबा. एकदा म्हात्रे खालून ओरडला, "गायकवाड, बुश एकाच बाजूने झिजलाय रे!" मग वर येऊन दांडा निरखायला लागला. "आणि हे ओरखडे कसले? डावीकडेच आहेत. बांगड्यांचे असतात तसे."

मॅडमनी उजवा हात पदराखाली घेतला आणि साहेब एकदम आभाळाकडे बघायला लागले.

"अरे, तू थालीपीठ खा गरम आहे तोवर," मी म्हात्रेला म्हटलं. मला त्यात काहीच दिसलं नाही. तीस वर्षं मेकॅनिक आहे मी!

*

मग म्हात्रेचे गुडघे गेले. लिंकेज तपासायला माणसं दोन लागतात, एकाने वर दांडा हलवायचा आणि दुसऱ्याने खाली सळ्या बघायच्या. मी एकटा पडलो. दांड्याला दोरी बांधून गाडीखाली आडवा झालो, आणि खालूनच दोरी ओढत म्हात्रेला व्हिडिओ कॉल लावला.

"गायकवाड, तुझं थोबाड तीस वर्षं बघितलं, आता बुश दाखव!"

हसलो. फोन ठेवला. मग सवयीने "म्हात्रे, बारा-तेराचा पाना दे रे" म्हणून हात बाहेर काढला आणि हात तसाच राहिला. फार एकटं वाटलं. गॅरेजात असं बोलायची पद्धत नाही, पण वाटलं.

*

मध्ये सहा महिने साहेब आले नाहीत. आले ते एकटेच. मॅडम गेल्या होत्या. डावी सीट रिकामी, त्यावर घडी घातलेलं फडकं.

"तिसरा पडत नाही," एवढंच म्हणाले.

मी सळ्या काढल्या, साफ केल्या, स्लिपर कापून नवा बुश बसवला, चक्कर मारून आलो. तिसरा झकास पडला. पंधरा दिवसांनी साहेब परत हजर. "तिसरा पडत नाही." पुन्हा चक्कर. झकास! तिसऱ्यांदाही तेच. आमच्या धंद्याचा नियम आहे, टेस्ट मेकॅनिकच घेणार. गिऱ्हाइकाने बाकड्यावर बसून चहा प्यायचा.

चौथ्या वेळी साहेब म्हणाले, "आता पुरे. मुलाने पुण्यात गिऱ्हाईक शोधलंय. रविवारी येईल. तुम्हालाच सापडत नाही, तर मी गाडी ठेवून काय करू?"

मला ती गाडी जायला नको होती. खरं सांगायचं तर साहेबही जायला नको होते. महिन्यातून दोनदा कुणीतरी बाकड्यावर येऊन बसत होतं.

*

मी आत जाऊन म्हात्रेला फोन लावला. सगळं ऐकून त्याने विचारलं,

"टेस्टला कोण चालवतं?"

"मीच. दुसरं कोण?"

"आज त्यांना चालवू दे. तू डावीकडे बस."

फडक्याची घडी मांडीवर घेऊन मी डावीकडे बसलो. पहिला साहेबांनी टाकला. दुसरा साहेबांनी टाकला. पत्री पूल ओलांडून शीळ रोडला लागलो, रस्ता मोकळा झाला. इंजिन तिसरा मागायला लागलं. साहेबांनी क्लच दाबला. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. गाडी नुसतीच घरंगळत चालली.

"बघा," ते म्हणाले. "नाही पडत."

मागून ट्रकने हॉर्न मारला. मी उजवा हात पुढे केला आणि तिसरा टाकला. लोण्यासारखा पडला.

साहेबांनी क्लच सोडला. मग म्हणाले, "रविवारी येऊ नका म्हणून कळवतो त्या माणसाला. काय होतं नक्की?"

"बुश होता, साहेब."

"वाटलंच मला," ते म्हणाले, आणि चौथ्यासाठी क्लच दाबला.