मामा देंगचं मत

आमची मामा ही बाई होती, हे आईला पटवायला मला अख्खं एक सेमिस्टर लागलं. मी ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाहून फोनवर सांगायची, "आज मामाकडे जेवले," आणि नाशिकला आई दचकायची. "कोण हा मामा? आपलं तिकडे कोणी नाही." मग मी समजावायची. दक्षिण सुदानच्या बायकांना थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात, आणि त्यांच्याकडे मामा म्हणजे आई. म्हणून ती मामा देंग, देंगची आई. आई "बरं बरं" म्हणायची आणि पुढच्या फोनला विचारायची, "मामांचं लग्न झालंय ना?"

मी तेव्हा टूवूंबाला नर्सिंग शिकत होते आणि वीकेंडला एका वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये काम करत होते. मामा तिथली स्वयंपाकीण. हातात हात घेतल्याशिवाय ती कोणाशी बोलायला सुरुवात करायची नाही, आणि एकदा धरलेला हात सगळी चौकशी होईपर्यंत सोडायची नाही. आई कशी आहे? वडील? भाऊ? मग आवाज जरा खाली आणून, "आणि गाई?" आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो, गाई नाहीत, असं मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "काळजी करू नकोस. देखणी आहेस. लग्नात नवऱ्याकडून येतील."

तिच्या देशाची गोष्ट ती बटाटे सोलताना सांगायची. इंग्रज गेले, पण जाताना दक्षिणेचा कारभार उत्तरेच्या हातात देऊन गेले. मग लढाई लागली ती दोन पिढ्या चालली. मामाचे भाऊ त्या लढाईत गेले, गाव जळलं, ती पोरांना घेऊन चालत सरहद्द ओलांडून केनियाच्या छावणीत पोचली आणि तिथून इकडे. आता कुठे ठरलं होतं की लोकांनाच विचारायचं, वेगळा देश हवा की नको. परदेशात राहणाऱ्यांनीही मत द्यायचं. तिनं एकदा मला विचारलं, "तुमचा देश झाला त्या दिवशी तुझे आजोबा काय करत होते?"

परीक्षेत प्रश्न आला असता तर स्वातंत्र्यलढ्यावर मी चार पानं लिहिली असती. हे मात्र मला माहीत नव्हतं. त्या आठवड्यात मी आजोबांना मुद्दाम फोन केला. ते म्हणाले, "शाळेत साखर वाटली. मी माझी खाल्ली आणि बहिणीचीही खाल्ली." हे ऐकून मामा इतकी हसली की हातातली सुरी ठेवून तिला खुर्चीवर बसावं लागलं.

मतदान अंगठ्यानं होतं. कागदावर दोन चित्रं: एकच उघडा हात म्हणजे वेगळा देश, हातात हात म्हणजे एकत्र. अंगठा दोन्हींवर फरपटला तर मत बाद. मामाला याची धास्ती. तिनं किचनमध्येच तालीम सुरू केली, शाई म्हणून डब्यातल्या बीटाचा रस. बघता बघता आश्रमातले आजी-आजोबाही रांग लावू लागले. जन्मभर मका आणि ज्वारी पिकवलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं एकत्रच्या चित्रावर अंगठा दाबला. "यातले दोघं मित्र दिसतात," तो म्हणाला. मामानं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या दिवशी त्याच्या वाटीत कस्टर्ड जरा कमीच पडलं.

मतदान सुरू झालं आणि दुसऱ्याच दिवशी टूवूंबावर आभाळ फाटलं. एरवी ज्या ओढ्यांकडे कोणी ढुंकून बघत नाही ते भर बाजारातून धावले आणि गाड्या खेळण्यांसारख्या घेऊन गेले. माणसंही गेली. ब्रिस्बेनला उतरणारा घाट बंद झाला, मग ब्रिस्बेनमध्येच पाणी शिरलं. मामाचं नाव ब्रिस्बेनच्या केंद्रावर होतं, दुसरीकडे कुठेच मत देता येत नव्हतं. शिवाय नोंदणी केलेल्यांपैकी साठ टक्के लोकांनी मत दिलं नाही तर निकाल धरलाच जाणार नव्हता. बाकीचा स्टाफ येऊ शकत नव्हता म्हणून मामा आश्रमातच मुक्कामाला राहिली आणि सगळ्यांना रांधून घालत राहिली. पण तिनं कोणाचा हात धरला नाही, कोणाच्या गाई विचारल्या नाहीत. एकदाच म्हणाली, "इतकी वर्षं सैन्यापुढून पळालो. आता पाणी."

मग एका सकाळी तिच्या धाकट्या मुलीचा फोन आला. पुरामुळे ब्रिस्बेनच्या केंद्राची मुदत वाढवली होती आणि घाटाची एक बाजू उघडली होती. मामानं ॲप्रन काढून खुंटीला लावला. "गाडीत पेट्रोल आहे?"

माझ्या जुन्या गाडीत आम्ही पाच जणी बसलो. मामा पुढे, मागे तिच्या चर्चमधल्या तिघी, सगळ्या लग्नाला निघाल्यासारख्या नटलेल्या. घाटात निम्मा रस्ता खचलेला, पोलीस एकेक गाडी सोडत होते. मी स्टिअरिंगला चिकटून बसले होते आणि मागे जोरात गाणं चाललं होतं. जरा सपाटीला लागल्यावर मी सहज विचारलं, "मामा, देंग कुठे असतो? तोही येतोय का मतदानाला?"

गाणं थांबलं.

"देंग रस्त्यात गेला," मामा म्हणाली. "सरहद्दीच्या अलीकडे. ताप आला होता. लहान होता."

"सॉरी मामा, मला माहीत नव्हतं."

"इथे आल्यावर पाद्री म्हणाला, मुलीचं नाव लाव, लोक विचारतात, तुला त्रास होतो. मी म्हटलं, मग त्याचं नाव कोण घेणार? तू रोज घेतेस. किचनमध्ये सगळे घेतात. त्याला एवढी माणसं कुठे भेटली असती?" मग ती मागे वळली. "गाणं का बंद केलं गं?"

केंद्रावर ओल्या चिखलाचा वास होता. मामा आत गेली ती लवकर येईचना. मला वाटलं, अंगठा फरपटला की काय! शेवटी आली, शाईचं बोट झेंड्यासारखं वर धरून. दारावरच्या कोवळ्या पोलिसाला तिनं ते नाकाजवळ नेऊन दाखवलं. "गुड ऑन या," तो बिचारा म्हणाला, म्हणजे शाब्बास. मला म्हणाली, "वेळ लागला, कारण मी दाबलेला अंगठा बघत उभी राहिले. त्यांनी मला बाहेर काढलं."

जुलैत देश झाला. टूवूंबाच्या एका हॉलमध्ये दिवसभर ढोल वाजले. मी दूध पावडरचे पेढे केले होते, ते मामानं माझ्या आजोबांच्या नावानं सगळ्यांना वाटले आणि बहिणीचा वाटा चोरल्याची गोष्ट त्यांच्या डिंका भाषेत इतकी रंगवून सांगितली की हॉल हसून लोळला.

पुढे मी सिडनीला आले, वेस्टमीडच्या हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. तिकडे त्या नव्या देशात आपसातच लढाई पेटली. गेल्या वर्षी मुलीला घेऊन टूवूंबाला गेले तेव्हा मामा थकली होती. रेडिओ कानाला लावून राजधानी जुबाच्या बातम्या ऐकत होती आणि त्या बऱ्या नव्हत्या. मी भीतभीत विचारलं, "मामा, कधी वाटतं का गं, उगाच केलं सगळं?"

तिनं माझा हात धरला. "मूल आजारी पडलं म्हणून कोणी म्हणतं का, जन्मलंच नसतं तर बरं? आणि वय काय त्याचं? या वयात पोरं ऐकतात का कोणाचं? तुझी मोठी होऊ दे, मग बोलू."

ते बोलणं व्हायचं राहिलं. यंदाच्या हिवाळ्यात मामा झोपेतच गेली.

आता सकाळी ट्रेनमध्ये बसले की मी आधी तिच्या देशाची बातमी शोधते. नवरा विचारतो, तुझं काय काम तिकडे? काही नाही. ओळखीच्या घरातलं मूल आजारी आहे, विचारपूस करावी लागते.